सातवी उडी

फ्लेक्ससाठी रविराजचा एक बरा फोटो हवा होता, एवढंच काम होतं. प्रथम पुण्यस्मरणाचा बोर्ड मांजरी गावच्या चौकात लागणार होता, आणि त्याच्या चुलतभावांकडचे सगळे फोटो गॉगल घातलेले. म्हणून काकूंचा, म्हणजे रविराजच्या आईचा, मला फोन आला. "त्याच्या कम्प्युटरात असतील बघ. तुला कळतं त्यातलं. पण चारच्या आत ये." आमच्या कसबा पेठेत चारच्या आत कुणी कुणाच्या दारात जात नाही. पण मांजरीची माणसं वेगळी, असं म्हणून मी गाडी काढली.

पुढचं कळायला थोडं मागचं सांगावं लागेल. हसू नका. आम्ही दोघं वाघोलीच्या कॉलेजात एका बाकावर होतो, आणि दोघांनाही एका जुन्या, बंदुकांच्या गेमचं वेड होतं. पण गोळी आम्ही कधी झाडली नाही. रिकाम्या मैदानात पळायचं, वेग साधायचा आणि अशा ठिकाणी उडी मारून पोचायचं, जिथे गेम बनवणाऱ्यालाही कुणाचा पाय पडेल असं वाटलं नव्हतं. मग त्याचा व्हिडिओ करायचा, गाणं लावायचं, नेटवर टाकायचा. याला ट्रिक जंप म्हणतात. जगात काही शे रिकामटेकडे हे मन लावून करतात, त्यांतले दोन आम्ही.

उड्या रविराजला यायच्या. मला यायचं ते एडिटिंग. आज लग्नाचे व्हिडिओ कापून पोट भरतो, तेव्हा हौस होती. एकदा मी माझ्या एकट्याच्या सात उड्यांचा व्हिडिओ केला. सहा खऱ्या होत्या. सातवी बुरुजावरून समोरच्या घंटाघरात. दोन-अडीचशे वेळा पडलो. ती होण्यातलीच नव्हती. मग चीटकोड लावून हवेतून तरंगत घंटाघरात उतरलो, उडीची सुरुवात खरी ठेवली आणि मधल्या जोडावर, ढोलाच्या ठोक्याला, पांढरा झोत टाकला. चाळीस हजार लोकांनी पाहिलं. कुणाला जोड दिसला नाही.

फक्त काहींनी डेमो मागितला. गेम प्रत्येक खेळाची एक फाईल स्वतःच करून ठेवू शकतो, कुठलं बटण कधी दाबलं ते सगळं तिच्यात असतं. व्हिडिओत थाप मारता येते, डेमोत मारता येत नाही. मी लिहिलं, हार्ड डिस्क उडाली. त्यावर खाली रविराजने लिहिलं, 'मी आमोदला ओळखतो. तो खोटं बोलणार नाही. हीच उडी मारून डेमो मी टाकतो.'

तेव्हाच त्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. लाज वाटली, म्हणून उद्यावर टाकलं, आणि असे अकरा महिने गेले. हडपसरला त्याची रात्रपाळी होती. दुपारी झोपायच्या वेळात तो चार वाजता उठून बसायचा आणि ड्यूटीची वेळ होईपर्यंत त्या बुरुजावरून पडत राहायचा. शेवटचा फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो.

"आम्या, खरं सांग, स्पेस बार नेमका कधी दाबलास?"

"थोडा उशिरा दाब," मी म्हणालो. "कडेच्या पार टोकाला जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवरून परतताना सोलापूर रोडच्या दुभाजकावर त्याची बाईक गेली. डुलकी लागली, असं पोलीस म्हणाले. मी खांदा दिला. बोललो काहीच नाही.

तर मी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. मागच्या शेतात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा वास घरभर भरला होता. रविराजच्या खोलीत कम्प्युटर चालूच होता. काकूंनी चहा ठेवते म्हटलं आणि त्या आत गेल्या. गॉगलशिवायचा फोटो लगेच सापडला, कुणाच्यातरी हळदीत मनापासून हसणारा. तो पेनड्राइव्हवर घेतला आणि उठणार, तेवढ्यात डेमोंचा फोल्डर दिसला. हात गेलाच.

सगळ्यात वरची फाईल कालची होती.

तिच्याखाली परवाची. त्याखाली तेरवाची. वर्षभराच्या, एकही दिवस न चुकता, सगळ्या चार वाजता सुरू झालेल्या. घड्याळ बिघडलं असेल म्हणून मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती आजची होती, बरोबर. मी कालची फाईल उघडली. बुरुज आला. धाव, उडी, खाली. पुन्हा धाव, उडी, खाली. प्रत्येक वेळी कडेच्या पार टोकाला जाऊन, उशिरा दाबलेली उडी. मी सांगितलं होतं तशी. आणि प्रत्येक वेळी वीतभर कमी.

मी सगळं बंद करून स्वयंपाकघरात गेलो. काकू कपात चहा गाळत होत्या.

"काकू, रविराजचा कम्प्युटर... कुणी लावतं का?"

"मी लावते की. पंख्याचा आवाज आला की बरं वाटतं." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार झाले. म्हणून म्हणलं होतं, चारच्या आत ये."

रविराजच्या खोलीतून कीबोर्डचं बटण दाबल्यासारखा टक् असा आवाज आला. थांबून, पुन्हा टक्.

"बसला," काकू म्हणाल्या. पोरगं जेवायला बसावं, इतक्या साधेपणाने.

मला ते सहन झालं नाही. तिथे उभ्याउभ्याच मी सगळं सांगून टाकलं, चीटकोड, पांढरा झोत, तो फोन. काकूंना त्यातलं निम्मं कळलं नसेल. त्यांनी कप खाली ठेवला.

"हळू बोल..." त्या कुजबुजल्या. "म्हंजी ती उडी... न्हाईच?"

"नाही काकू. मी खोटं सांगितलं. ती कुणालाच मारता येणार नाही."

"मला सांगितलंस ते सांगितलंस. पण त्याला..."

त्या मधेच थांबल्या. आतला टक् टक् थांबला होता. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. चहावर साय धरली, मागच्या शेतातला धूर विरून गेला, आवाज परत आला नाही. मी रडत होतो. मला वाटलं त्या शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"ती उडी व्हत न्हवती म्हणून तर तो येत व्हता रे," त्या म्हणाल्या. "आता कशाला येईल?"

बोर्ड लागला, उतरला. मांजरीला पुन्हा टक् झालं नाही. काकू रोज चारला मला फोन करतात. "तुझ्याकडं आलाय का रे?" मी नाही म्हणतो. एवढं सगळं होऊनही मी त्या बाईशी खोटंच बोलतो.

कारण वर्षभर न उघडलेल्या माझ्या गेममध्येही आता रोज एक डेमो पडतो, चारच्या ठोक्याला. त्यात धाव नाही, उडी नाही. घंटाघरात कुणीतरी स्थिर उभं आहे, आणि त्याच्या डोळ्यांतून समोरचा बुरुज दिसतो. बुरुजावर एक खेळाडू उभा असतो, डोक्यावर माझं नाव. पहिल्या दिवशी तो पार मागे भिंतीला टेकला होता. रोज एक पाऊल पुढे येतो. काल त्याचे अर्धे तळवे कडेच्या बाहेर होते.