विहिरीवरची गिनती

बहात्तरच्या दुष्काळात बीडकडच्या त्या जुन्या, निजामी काळातल्या तुरुंगाची विहीरही आटली. सहकारी संस्थेचा टँकर आठ दिवस फिरकला नव्हता. म्हणून गाळ उपसायला रोज बारा कैदी दोरानं खाली सोडत आणि दिवस मावळताना वर घेत. गिनती गहिनीनाथ जमादाराची. अठरा वर्षांत त्याची गिनती कधी चुकली नव्हती, आणि कुणी विचारो न विचारो, तो हे सांगायचाच.

त्या संध्याकाळीही त्यानं एकेकाच्या खांद्यावर काठी टेकवत मोजलं. बारा. अंघोळीला पाणी कुठलं? सगळ्यांची तोंडं चिखलानं सारखीच माखलेली. बराकीला कुलूप पडलं.

तो दोर गुंडाळत होता, तेवढ्यात विहिरीतून आवाज आला.

"जमादार... मी राह्यलो की खाली. मी सटवा."

गहिनीनाथच्या अंगावर सर्रकन काटा आला. सटवा नऊ वर्षांची सजा भोगून उद्या सकाळी सुटणार होता. त्याची बायको मुक्ताबाई उमापूरहून येऊन फाटकाबाहेर बसलीही होती. पण मागं एक कैदी या विहिरीत बुडून मेला होता, आणि तेव्हापासून तुरुंगात रिवाजच पडला होता: गिनती जुळल्यावर विहिरीतून हाक आली, तर ओ द्यायची नाही.

तरी तो बराकीच्या गजांशी गेला.

"सटवा... हायस का आत?"

अंधारातून उत्तर आलं, "हाय."

झालं तर मग! त्यानं साफा कानांवर ओढला.

"जमादार, पाया पडतो... झरा फुटलाय... पानी चढतंय..."

कोरड्या विहिरीत कसलं आलंय पाणी? गहिनीनाथ मागं न बघता निघून गेला. आवाज बराच वेळ येत राहिला.

सकाळी सटवाचं नाव पुकारलं गेलं. वाळल्या चिखलाच्या तोंडाचा एक जण उठला, अंगठा उठवून फाटकाबाहेर पडला. उरलेले अकरा विहिरीवर गेले आणि तिथंच ओरडले. विहिरीत दोन पुरुष पाणी होतं. कपारीला दोन्ही हातांनी गच्च धरलेला सटवा पाण्यात मेलेला होता.

आपण जिताजागता माणूस बुडवला! गहिनीनाथ तसाच धडपडत फाटकावर आला.

"धोंडीराम, मुक्ताबाई कुठं हाय बे?"

"गेली की मघाच, नवऱ्याला घिऊन," पहारेकरी धोंडीराम म्हणाला. "लई खूश व्हती. म्हणली, धनी एक शबुद बोलंनात, पर घरी दोन लेकी वाट बघत्यात. त्यांच्याशी बोलतील."