कोचिश म्हणजे कोचचा

शब्द : कोचिश.

पावसात एक घोडागाडी आमच्या दारात कलली. चाक निखळलं होतं. गाडीवान चिखलातच उतरला. बाबांनी रंधा सोडून चाक हातात घेतलं, मी त्याच्यापुढे गरम सूप ठेवलं.

"नाव?" मी विचारलं.

"बालिंत. काम — कोचिश."

"मग आमचेच की तुम्ही!"

"न विचारताच?"

उगम :

"या आमच्या कोच गावात हलक्या गाड्या बनल्या. कोचची गाडी ती कोची, ती हाकणारा कोचिश. कुठेही जा, नाव आमच्याच गावचं लावाल."

"म्हणजे मी इथलाच... आणि मलाच पत्ता नाही!" तो हसला. मिशीवरून पाणी ठिबकलं. "आणि तुम्ही?"

"एतेल्का. मी नुसतीच कोचची."

मग दर आठवड्याला त्याचं चाक निखळायला लागलं. बाबा म्हणाले, "याचं चाक ढिलं नाही, दुसरंच काहीतरी आहे."

रीत :

आमच्या मुलखात मुलगा तोंडाने मागणी घालत नाही. नक्षीचा लोकरी कोट घालून येतो, जाताना मुद्दाम विसरतो. सकाळी कोट घरातच असला तर होकार. ओसरीवर टांगलेला दिसला तर मुकाट्याने उचलायचा आणि निघायचं.

पाचव्या खेपेला तो निघाला, तेव्हा पाऊस थांबला होता. दारात घुटमळला.

"एतेल्का —"

"हं?"

"काही नाही... सकाळी इकडूनच जाईन."

खुंटीवर त्याचा कोट राहिला. साधा, ओलाचिंब, गुडघ्यापर्यंत चिखल. वेंधळा! गारठेल ना... मी चिखल घासून काढला. पहाटे कोट ओसरीवरच्या खिळ्याला वाळत घातला आणि पाण्याला गेले.

परत आले तर खिळा रिकामा.

"आला होता," बाबा म्हणाले. "बराच वेळ नुसता बघत राहिला. उचलला, गेला. नको होता तर आधी सांगायचंस गं. मी उगाच त्याच्याशी गोड बोललो."

"वाळत घातला होता, बाबा! मागणीचा कुठे होता तो? नक्षी... नक्षी कुठे होती?"

बाबांनी रंधा खाली ठेवला.

"कोचिशाकडे एकच कोट असतो, पोरी."

अर्थ :

तीन हिवाळे गेले. तो व्हिएन्नात गाडी हाकतो म्हणे. तिथल्या बोलीतही गाडीवानाला माझ्या गावावरूनच शब्द आहे. रस्त्यात कुणीही त्या शब्दाने हाक मारतं, आणि तो थांबतो.

कुणासाठीही.