तिसरा खड्डा

सहा वर्षं मी दोन ताऱ्यांच्या मागे लागलेय. दोघेही बारके, लालसर, सूर्याच्या पाव वजनाचे. एकमेकांभोवती फिरताना एक दुसऱ्याच्या आड जातो, उजेड कमी होतो, आलेखात खड्डा पडतो. खड्डा किती खोल आणि किती वेळ, यावरून दोघांचा आकार काढायचा. एका फेरीत खड्डे दोनच. पेपर लिहून तयार होता आणि त्यावर पहिलं नाव माझं, हे ठरलेलं होतं.

आलेखात खड्डे तीन पडत होते.

"कचरा आहे गं, उडव," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. नको असलेला बिंदू आलेखातून काढणं म्हणजे आमच्याकडे 'उडवणं', आणि सरांचं अर्धं नाव त्यावरच झालंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कचरा काय कचरा! दर वेळी आधीपेक्षा खोल पडणारा कचरा कुणी पाहिलाय?

मी शेजारचे तारे तपासले. त्याच मिनिटांना तेही मंदावले होते. म्हणजे आड येणारं जे काही होतं, ते तिकडे नव्हतंच, आपल्या बाजूला होतं. ढग म्हणावा, तर दुर्बीण सांभाळणारे काका शपथेवर सांगत होते की आभाळ लख्ख होतं.

मग भर दुपारी घुमट बंद केला, आतल्या पांढऱ्या पडद्यावर दिवा टाकला आणि फोटो घेतले. नेहमीची चाचणी. खड्डा तिथेही पडला.

"ताई, आत कुणी नव्हतं. कुलूप मीच लावलेलं," काका म्हणाले. किल्ली माझ्या हातात ठेवून ते घरी निघून गेले.

मी तणतणत सरांच्या खोलीत शिरले. दार मागे आपटलं, लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, ते बंद घुमटात आहे!"

"दिवा फडफडला असेल." त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "उद्या पेपर जातोय. हे बिंदू उडव, नाहीतर तुझं नाव उडवतो."

"डोळे मी फोडायचे आणि नाव तुमचं? लाज वाटत नाही?"

"सरक." त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एकेक बिंदू निवडत मोठ्याने मोजले. अकरा झाले.

खोलीतला उजेड कमी झाला. खिडकीबाहेर ऊन तसंच होतं, उभ्या गाड्यांच्या काचा चमकत होत्या. अंधारत होतं ते फक्त आत, टेबलाच्या त्यांच्या बाजूला.

"सर..."

"गप्प बस."

त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. मी दारापर्यंत मागे सरकले.

बटण दाबल्याचा आवाज आला.

उजेड परतला. खुर्ची रिकामी होती. दाराला मी पाठ लावून उभी होते.

पुढे होऊन लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आलेख स्वच्छ, खड्डे दोन. खाली एक ओळ होती: बारा बिंदू उडवले. परत आणायचे?

माझा राग अजून उतरला नव्हता.

मी 'नाही' दाबलं.