पाहुण्याला पलीकडे पोचवायचं होतं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. ही माझ्या सख्ख्या भावाची गोष्ट आहे. मी तिथे होतो.

आमचं खैराबाद सिंधूच्या काठावर. इथेच काबूल नदी येऊन मिळते. गढूळ पाणी आणि निळं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतं, मिसळत नाही. पूल नव्हता तेव्हापासून आमचं घराणं होडी चालवतं. त्या मधल्या रेषेवर वल्हं थांबवायचं नाही, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात.

डिसेंबरातली संध्याकाळ. मगरिबची नमाज नुकतीच झालेली. बाहेर दाट धुकं. थोरला भाऊ शमरोज, माझा लाला, आणि मी हुजऱ्यात, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, शेकत बसलो होतो.

एकाएकी कुत्री गप्प झाली...

दारात एक माणूस उभा होता. नखशिखांत ओला.

"या, या! आधी शेकोटीपाशी बसा बघू," लाला उठलाच.

मक्याची भाकरी दिली. उकळता चहा दिला. त्याने नुसता पेला हातात धरला...

वाफ लगेच थांबली.

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, "शमरोज, निदान कुणाचा कोण ते तरी विचार रे!"

"पाहुण्याला नाव विचारू? आई, गावात तोंड दाखवायला जागा राहील का?" लाला हसला.

तेव्हा तो माणूस पहिल्यांदा बोलला.

"पलीकडे सोडशील?"

"शब्द देतो. तुम्हाला पोचवल्याशिवाय परत फिरणार नाही."

"अरे, शब्द देऊ नको!" आई ओरडली.

पण देऊन झाला होता. दिलेला शब्द मोडला की आमच्यात माणूस जिवंतपणीच मेला.

मी काठावर थांबलो. धुक्यात काही दिसेना. फक्त वल्ह्याचा आवाज. चुबुक... चुबुक...

मग तोही थांबला. बरोबर मध्यावर.

"लाला!"

"अरे, हा गेला कुठे? आत्ता समोर बसला होता..."

"लाला, परत ये!"

"वेडा की काय तू? त्याला पोचवल्याशिवाय कसा येऊ?"

त्यानंतर काही नाही.

सकाळी होडी आमच्याच घाटावर बांधलेली सापडली. दोरीला लालाचीच गाठ. लाला नाही.

आई त्याची वाट बघतच गेली. हुजरा आता मी सांभाळतो. परवा धुकं पडलं आणि कुत्री गप्प झाली...

दारात दोघं होते. ओले. मागचा लाला होता. एका दिवसानेही म्हातारा झालेला नाही. माझ्याकडे परक्यासारखा बघत म्हणाला,

"पलीकडे सोडशील?"

मी चहा पुढे केला. शब्द दिला नाही. सख्ख्या भावाला तसंच परत जाऊ दिलं, आणि मग शेकोटीपाशी बसून रडलो.

आज पुन्हा धुकं आहे. कुत्री आत्ताच गप्प झाली...

आज मला नाही म्हणवणार नाही.