दोनशे सतरा नंबरचं घर

ट्रंकेला कुलूप होतं, कुलूप शाबूत होतं आणि आत सहाशे चाळीस फॉर्म नीट रचून ठेवलेले होते. फक्त ते सगळे कोरे होते.

डॉ. त्र्यंबक गायधनींनी वरचा फॉर्म पाहिला, मधला उपसला, तळातला ओढून काढला. माथ्यावर क्रमांक, खाली काही नाही. चार वर्षं त्यांनी नाशिक जिल्ह्यातली घरं पालथी घातली होती. कोणाचा माणूस आखातात गेला, कुठल्या देशात, कुठल्या कामावर, परतला की नाही, हे सगळं त्या फॉर्मांत भरलेलं होतं. परदेशी स्थलांतर या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. निदान ते स्वतः तरी मानत.

१९८३ सालच्या डिसेंबरातली ती सकाळ होती. अकरा वाजता त्यांच्या अभ्यास केंद्रात परिसंवाद सुरू व्हायचा होता. दिल्लीचे दोघे, त्रिवेंद्रमचे एक आणि हॉलंडचे एक असे जाणकार पाहुणे येऊन चहा पीत बसले होते. गायधनींचा निबंध झाला की ते मूळ फॉर्म तपासणार होते. फॉर्म नाहीत म्हणजे आकडे मनचे, एवढाच अर्थ निघाला असता, आणि गायधनींची आयुष्यभराची अब्रू त्याबरोबर गेली असती.

ट्रंकेच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली होती. ऑफिसच्याच मशीनवर टाइप केलेली.

‘तुमचा २१७ नंबर मस्कतला मेला. आता सगळं पहिल्यापासून लिहा.’

साडेनऊला फौजदार निवृत्ती खैरनार आले. सटाण्याकडचा माणूस, बोलणं कमी. गायधनींना जरा मोठा अधिकारी हवा होता, आणि तसं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“ट्रंकेची किल्ली कुठे असते?” खैरनारांनी विचारलं.

“माझ्या टेबलाच्या खणात. खण उघडाच असतो. इथे चोर येत नाहीत.”

“याआधी ट्रंक कधी उघडली होती?”

“दीड महिना झाला. आकडे काढून झाले होते, मग गरज पडली नाही.”

“हा २१७ नंबर कोण?”

गायधनींनी कपाटातून वही काढली. “नावं गुप्त ठेवणं हा आमच्या शास्त्राचा नियम आहे. पण तुम्हाला सांगतो. धोंडीराम साळवे, वेल्डर, राहणार एकलहरे. गेला दुबईला.”

“चिठ्ठीत मस्कत आहे.”

“चिठ्ठी लिहिणाऱ्याला नीट माहिती नाही, दुसरं काय.”

“तो खरंच मेला का?”

“मला काय कल्पना? दोन वर्षांपूर्वी त्याची आई आली होती, पत्र येत नाही म्हणत. मी दुबईतल्या आपल्या भारतीय वकिलातीकडे चौकशी केली. त्यांनी कळवलं, असा माणूस इथे नाही. घरच्यांनी खोटी माहिती दिली होती. अशी कुटुंबं फार असतात. आजच्या निबंधात ते उदाहरणच घेतलंय मी.” त्यांनी निबंधाची प्रत पुढे केली. “टायपिंगच्या चुका होत्या, सुधारून घेतल्यात.”

पुढचे होते प्रा. दिनकर वैशंपायन, गायधनींचे सहकारी. त्यांनी मनातलं लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“उन्हातान्हात हिंडलो मी, आणि पुस्तकावर नाव एकट्या सरांचं. माझा राग आहेच. लिहून घ्या.”

“२१७ नंबरचा फॉर्म तुम्ही भरला?”

“छे. एकलहऱ्याची घरं सरांनी स्वतः केली. तिथवर गाडी जाते ना.”

“काल तुम्ही इथे होता?”

“परवा आलो. त्याआधी दीड महिना केरळात होतो, तिथल्या अभ्यासासाठी.”

शिपाई भिकन मात्र घाबरला होता. त्याला बाकावर बसवून खैरनारांनी विचारलं, “रात्री इथे कोणी आलं होतं?”

“नाय साहेब. मी दारातच निजतो.”

“आज ट्रंक उचलताना हलकी लागली?”

“रोजच्यावानीच जड. पण माळ्यावर कोऱ्या फॉर्माचे गठ्ठे होते, ते नाय दिसत. एकदम नाय गेले, हळूहळू कमी झाले.”

“घरांचे नंबर बाहेर कोणाला माहीत असतात?”

“ज्याच्या त्याला ठावंच हाय की. दाराच्या चौकटीवर गेरूनं लिवत होतो. डबा मीच धरायचो.”

शेवटी टायपिस्ट. चांगुणा पगारे, वय तिशीच्या आत, आठ महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, नाशिक रोडला सासर. हात मांडीवर ठेवून ती शांत बसली.

“ट्रंकेतले फॉर्म तुम्ही पाहिले होते?”

“टायपिंगपुरते.”

“संध्याकाळी घरी जाताना काय नेता?”

“डब्याची पिशवी.”

“सरांच्या निबंधाची कार्बन कॉपी ठेवता?”

आता तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. “ठेवते. तिसरी फाईल.”

खैरनारांनी फाईल काढली. सरांच्या प्रतीशी एकेक पान ताडून पाहिलं. अकराव्या पानावर ते थांबले आणि भिकनला म्हणाले, “सगळ्यांना आत बोलाव.”

साडेदहा वाजले होते. बाहेर हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

“फॉर्म रात्रीत गेले असं सगळे धरून चाललेत,” खैरनार म्हणाले. “एवढा गठ्ठा भिकनला ओलांडून जाईल कसा? ते रोज थोडे थोडे गेले. जेवढे काढले तेवढे माळ्यावरचे कोरे घातले, वर तोच नंबर लिहिला. म्हणून ट्रंक जड राहिली. महिनाभराचं काम आहे. वैशंपायन सर महिनाभर केरळात होते. भिकननं केलं असतं तर माळ्यावरचे गठ्ठे त्यानं स्वतःहून दाखवले नसते.”

चांगुणा हलली नाही.

“आता मस्कत. माझी मावशी सटाण्याला असते. तिचा मुलगा कुवेतला आहे. कोणी विचारलं की मावशी म्हणते, ‘मना आंडोर दुबईले शे,’ म्हणजे माझा मुलगा दुबईला आहे. आमच्याकडे कुवेत नाही, मस्कत नाही. समुद्र ओलांडला की दुबई. हे आपल्या जिल्ह्यात कोणीही सांगेल. डॉक्टरसाहेब, साळव्यांची आई म्हणाली दुबई, तुम्ही लिहिलं दुबई. त्याच्या पत्राचं पाकीट मागितलंत तिच्याकडे? तिकिटावर देशाचं नाव छापलेलं असतं.”

चार वर्षं, सहाशे चाळीस घरं, आणि पाकीट बघायचं या विद्वानाला सुचलं नव्हतं.

“तुमच्या प्रतीत अकराव्या पानावर, २१७ पुढे, खोडरबरानं खरडून दुबई टाइप केलंय. कार्बन कॉपीवर खोडायचं राहिलं. तिथे अजून मस्कत आहे. फॉर्मात दुबई, वहीत दुबई, मग बाईंच्या बोटांना मस्कत कुठून आलं?” ते तिच्याकडे वळले. “माहेर कुठलं तुमचं?”

“एकलहरे,” चांगुणा म्हणाली. “माहेरचं नाव साळवे. धोंडीराम माझा भाऊ.”

गायधनी उभे राहिले. “म्हणजे तुम्ही माझ्या विश्वासाचा...”

“आई तुमच्याकडे आली तेव्हा तो जिवंत होता, सर,” ती मध्येच म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण वैशंपायनांनी मान खाली घातली. “मस्कतला मजुरांच्या छावणीत तापानं पडला होता. त्यानंतर अकरा आठवडे काढले त्यानं. तिथल्या सोबत्यानं नंतर कळवलं. पाकिटं आईच्या पिशवीत होती, तिनं ती मांडीवरच धरली होती. तुम्ही तिला बसा म्हणालात, चहा दिलात आणि चुकीच्या देशाला पत्र लिहिलंत.”

“अनवधानानं झालं ते.”

“तेवढं मी गिळलं असतं. इथे नोकरीला आले ती फक्त त्याचा फॉर्म बघायला. फॉर्मावर तुमच्या अक्षरात शेरा होता. ‘माहिती देणारी बाई खोटारडी.’ तरी गप्प राहिले. मग निबंध टाइप करायला दिलात. मी मस्कत लिहिलं, तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, आहे तसं उतरवा म्हणालात. माझ्या आईला देशोदेशीच्या लोकांसमोर खोटं पाडणार होतात, आणि तेही माझ्या हातानं.”

“ते वाक्य मी काढतो,” गायधनी घाईने म्हणाले. “आत्ता काढतो. फॉर्म कुठे आहेत तेवढं सांगा. तक्रार मागे घेतो, तुमची नोकरीही राहील.”

“फॉर्म नाहीत. दर शनिवारी आईकडे नेले. बंबात घातले. महिनाभर त्याच्यावरच अंघोळीचं पाणी तापलं. आई म्हणायची, एवढा चांगला कागद जाळतेस कशाला? मी म्हटलं, त्यात खोटी माहिती आहे.”

गायधनी खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती. दारावर टकटक झाली. पाहुणे जागेवर बसलेत, असा निरोप होता.

“तक्रार मागे घेतो मी, फौजदारसाहेब,” ते हळू आवाजात म्हणाले. “हे इथेच मिटवू.”

“मागे घेऊ नका, सर,” चांगुणा म्हणाली. “मला कोर्टात जायचंय. आईची साक्ष काढायचीय तिथे. पाकिटं घेऊन उभी राहील ती. कोण खोटं बोललं, ते लिहून घेऊ दे त्यांना. आणि तक्रार नको असेल तर बाहेर जाऊन सांगा पाहुण्यांना, फॉर्म का कोरे आहेत ते.”

खैरनारांनी फिर्याद लिहून काढली आणि कागद गायधनींपुढे सरकवला. फिर्याद दिली नाही तर चार जाणकारांसमोर ते लबाड ठरणार होते. दिली तर साळव्यांच्या घराची गोष्ट भर कोर्टात वाचली जाणार होती. खैरनारांनी त्यांना घाई केली नाही. त्यांना त्या माणसाची कीव येत नव्हती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी गायधनींनी सही केली.

चांगुणाने कागद स्वतःकडे ओढून घेतला. रोज त्यांचं लिखाण तपासायची तसाच तो वरपासून खालपर्यंत वाचला. दोनशे सतरा, धोंडीराम साळवे, मस्कत. सगळं बरोबर होतं. तिने कागद परत त्यांच्यापुढे ठेवला.

“सहीखाली तारीख राहिली, सर,” ती म्हणाली.