कपाळावरून आलेलं नाक

छापलेलं नाक दुसऱ्यांदा काळं पडलं, तेव्हा शाल्मलीने जेवणघरात जाणंच सोडलं. चंद्रावरच्या वसाहतीत शीतनळी फुटून बारा वर्षांच्या या पोरीच्या नाकाचा शेंडा गोठून गळाला होता. जिवंत पेशींतून यकृतसुद्धा छापणाऱ्या यंत्राला बोटभर नाक काही जमेना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, दुसरं काय!

"नाक तर हुबेहूब होतं. मग मेलं का?" तिने निळूआजोबांना विचारलं. निळूआजोबा म्हणजे तिच्या आजीचे धाकटे भाऊ, वसाहतीतले एकुलते शस्त्रवैद्य.

"उपाशी मेलं. कातडीला रक्त लागतं, ते रक्तवाहिन्यांतून (रक्त नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) येतं. छापलेल्या कातडीत त्या वेळेवर शिरल्याच नाहीत."

"मग आता?"

"आता जुनी वाट. सुश्रुतांच्या परंपरेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी नाकावर बसवत. पुढे, जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी, पुण्याकडच्या एका वैद्याने मेणाचं नाक केलं. ते कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवली. भुवयांमधला कातडीचा देठ मात्र तोडला नाही. त्या देठातून रक्त येत राहिलं."

"भूल देऊन?"

"आजच्यासारखी भूल तेव्हा नव्हती गं."

एक माणूस तसाच पडून राहिला आणि वैद्याचा हात थरथरला नाही, या विचाराने शाल्मलीच्या अंगावर काटा आला. तिच्यावर मात्र गाढ झोपवून तशीच शस्त्रक्रिया झाली.

तिसऱ्या दिवशी मलमपट्टी करणारा यंत्रमानव चिमटा आला. स्वच्छतेचं त्याला भारी वेड.

"दोन डोळ्यांच्या मधे कातडीचा जादा तुकडा आढळला. काढून टाकतो," म्हणत त्याने कात्री उचलली.

शाल्मलीने झटकन देठापुढे तळहात धरला.

"थांब, चिमट्या. तो जादा नाही. माझं नाक त्यातूनच जेवतंय."

"किती दिवस जेवेल?"

"तीन आठवडे. तोवर आजूबाजूच्या रक्तवाहिन्या नव्या नाकात शिरतील, मग आजोबा देठ तोडतील."

चिमट्याने कात्री पेटीत ठेवली.

तीन आठवड्यांनी आजोबांनी देठ तोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला नाकाचा शेंडा हलकेच दाबायला सांगितला. चिमट्याच्या पडद्यावर तिला दिसलं, बोटाखालची कातडी पांढरी झाली आणि बोट उचलताच पुन्हा गुलाबी. देठ नव्हता, तरी रक्त येत होतं. तिचे डोळे भरून आले.

"मंगळावर कुणाचं नाक गेलं तर?" तिने विचारलं.

"तिथे हे शिकलेलं कुणीतरी लागेल," आजोबा म्हणाले.

शाल्मलीने नाकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आपल्याकडे नाक करून बघायला मेण आहे का?"