एका पेशीला धरून ठेवताना

सुगत पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी त्याच्याशी दोनच वाक्यं बोलले— “बसा. श्वास हळू घ्या.”

तो लातूरच्या कॉलेजातून मलेरियावरच्या नव्या औषधाची कुपी द्यायला आला होता. देऊन लगेच बस धरणार होता. पण नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत मोजणी चालू असताना दार उघडत नाहीत. लेझरच्या उजेडाने आम्ही एकच रक्तपेशी चिमट्यात धरल्यासारखी धरतो, हळूच ताणतो. मलेरियाने पेशी कडक होते. औषध लागू पडलं तर पुन्हा मऊ. दाराची हवा लागली, की ती सुटते. म्हणून बिचारा चाळीस मिनिटं स्टुलावर...

जाताना म्हणाला, “महामाया मॅडम, एवढं गप तर मी शाळेतबी बसलो न्हाई.”

मग तो दर गुरुवारी आला. कुपी कुरिअरने येते, हे दोघांनाही माहीत होतं. कुणीच तो विषय काढला नाही.

चाचणीच्या शेवटच्या गुरुवारी पडद्यावरचा पेशीचा आलेख थरथरू लागला. आज तो स्वच्छ आला नाही, तर औषध चाचणीच्या यादीतून बाद— आणि आमचे गुरुवारही.

“पाय हलवून राहिले का?” मी स्टुलावरच्या सुगतला विचारलं.

“न्हाई हो. छातीत धडधडून राहिलंय. तुमी जवळ आल्या की होतंय... बंद कुठून करू?”

मी शास्त्रज्ञ. त्याला बाहेर काढलं आणि नवी पेशी धरली.

आलेख दुप्पट थरथरला.

एसी बंद केला, फोन बंद केला. शेवटी टेबलाखाली वाकले. माझाच पाय टेबलाला टेकून शिलाई मशीन चालवत होता.

दाराच्या काचेतून दिसलं— सॅक खांद्याला लावून तो निघाला होता. मोजणी चालू होती. मी दार उघडलं. पेशी सुटली.

“सुगत! आत ये.”

“माझ्यानं हलतंय ना?”

“तुझ्यानंच. पण हलून मी राहिले.”

त्याने सॅक खाली ठेवली. मी दार लावून नवी पेशी धरली. मग सरळ टेबलाखाली जाऊन बसला आणि माझा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“लग्नाआधीच पाय धरायला लावलेत. आमच्या आईला सांगू नका.”

“लग्नाआधी... म्हणजे?”

“मोजणी चालू हाय. बोलू नका.”

चाळीस मिनिटं. पेशी मऊ झाली. रेघ सरळ आली.

नोंदवहीत एक रकाना असतो— कंपन कसं थांबवलं?

मी लिहिलं— लातूरहून माणूस मागवला. परत पाठवणार नाही.